मोटारीचे साल

ज्याच्या घरी आई आहे त्याने देवाजवळ आणखी काही मागू नये. आणि ज्याच्या वाट्याला आईच आली नाही त्याने काही मागितले, तर देवाने त्याच्यावर रागावू नये. कारंजाच्या सुलोचनाबाईंचे मागणे तसे फार लहान होते. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईला ना तीर्थ हवे होते, ना सोने. तिला एवढेच जाणून घ्यायचे होते, की समोरच्या खोलीतल्या जुन्या फोटोत आई मोटारीजवळ उभी आहे, तेव्हा आपण तिच्या पोटात होतो की नव्हतो.

फोटो आष्टीचा, माहेरचा. काळी टोपी आणि बंद गळ्याचा कोट घातलेले वडील, प्रेमदास, एक हात मोटारीच्या नाकाडावर ठेवून उभे आहेत. त्यांच्या शेजारी डोईवर पदर घेतलेली एक तरुण बाई. पदराची सावली कपाळावर आली आहे, पण सावलीखालचा चेहरा असा, की दगडाचेही मन पाझरावे. नितळ, भरलेला, किंचित भ्यालेला. मागे ती मोटार, काळीभोर, गोल अंगाची. तीन गोष्टी, एक चौकट, आणि तिच्यापुढे हात जोडून गेलेला एका लेकीचा सारा जन्म.

सुलोचनाबाईंची आई शकुंतला बाळंतपणात गेली. लेकीला जन्म दिला आणि पाचवी पुजायच्या आत तिने डोळे मिटले. साल बावन्न. नऊ महिने पोटात आणि चार दिवस कुशीत, एवढाच मायलेकींचा संसार. त्या नऊ महिन्यांत जर ही मोटार आष्टीला आली असेल, तर या जगात मायलेकींचे एकत्र असे एक चित्र आहे म्हणायचे. डोळ्यांना दिसत नसले म्हणून काय झाले? गाभाऱ्यातला देव तरी अंधारात कुठे दिसतो? तो आहे, एवढे ठाऊक असले की माणूस उंबऱ्यावर डोके ठेवतो.

विषय काढला तो मात्र मुलाने, आणि तोही थट्टेत. सुलोचनाबाईंचे यजमान गेल्यापासून हेमराज कारंजाच्या हमरस्त्यावर टायर-बॅटरीचे दुकान चालवीत होता. दुकानाला नवी भिंत बांधली आणि भिंतीवर काय लावावे याचा विचार सुरू झाला.

"आई, आजोबाची मोटार मोठी करून लावतो दुकानात. गिऱ्हाईक म्हणन, हे खानदानी मोटारवाले आहेत."

"आजोबाची कुठची रे? वर्ध्याच्या कापूसवाल्या शेटची होती ते. आबा नुसते हात ठेवून उभे आहेत."

"हात तं ठेवला ना! आजकालचे पोट्टे दुसऱ्याच्या गाडीवर बसूनच फोटो काढतेत."

"अन् खाली नाव काय लिहान?" सून दिपाली स्वयंपाकघरातून म्हणाली. "काळी मोटार?"

नावासाठी हेमराजला वासुदेवराव आठवले. वर्ध्याच्या कॉलेजातून निवृत्त झालेले हे सर जुन्या मोटारींचे वेडे. आपल्या म्हाताऱ्या फियाटसाठी बॅटरी न्यायला दोनदा दुकानात येऊन गेलेले. फोटो पाहून मोटारीचे कूळ सांगतात, अशी त्यांची ख्याती होती. सुलोचनाबाई हे ऐकत होत्या. हातातली वात तशीच राहिली.

"त्याइले सालबी सांगता येते का रे?"

"सांगतीन ना. काऊन?"

"मग मीबी येतो तुह्यासंगं," त्या म्हणाल्या, आणि कारण मात्र सांगितले नाही. मनातले सर्वांत मऊ ते माणूस मुलालाही लवकर दाखवीत नाही.

त्या फोटोची पूजा वर्षातून एकदा होई. पितृपक्षात अविधवा नवमीचा दिवस येतो. नवऱ्याच्या आधी, कुंकवासह गेलेल्या बायांचा तो दिवस. शकुंतलेला मुलगा नव्हता म्हणून लेकीनेच तो धरला. आठ वर्षांची पोर होती तेव्हापासून सुलोचना फोटोला झेंडूचा हार घाली, काचेवरून आईच्या कपाळाला कुंकू लावी. लग्न होऊन कारंजाला आली ती फोटो मागून घेऊनच. वडिलांनी क्षणभर नव्या आईकडे पाहिले होते. नवी आई म्हणाली होती, "नेऊ द्या. तिचाच आहे."

ही नवी आई म्हणजे देवकाबाई. शकुंतला गेल्यावर प्रेमदासांनी केलेली दुसरी बायको. सुलोचना तिला मावशी म्हणे. तिची कूस उजवली नाही. सुलोचना तीन-चार वर्षांची असताना गावात देवीची साथ आली, घरात दोघीही अंथरुणाला खिळल्या. पोरीच्या अंगावर दोन-चार वण राहिले. देवकाबाईचा मात्र चेहरा सोलून निघाला. गाल खडबडीत झाले, नाक बसले, एका डोळ्यात फूल पडले. सुलोचनाबाईंच्या आठवणीतली मावशी ही तेवढीच. भिंतीवरच्या त्या नितळ मुखाकडे पाहावे आणि मग चुलीपुढच्या या तोंडाकडे, की पोरीच्या मनात नकळत एक भिंत उभी राही. मावशीने वेणी घातली तर घालून घ्यावी, पण मान वळवून पाहू नये. वाढले तर जेवावे, पण मावशी, तूही बस, असे म्हणू नये. छळ नव्हता, भांडण नव्हते; नुसते थंड पाणी होते दोघींच्या मध्ये, आणि ते जन्मभर तापले नाही.

लग्नानंतर मावशी दर पितृपक्षात आष्टीहून एसटीने येत. सवतीच्या नवमीचा स्वयंपाक त्याच करीत. वडे, कढी, पाटवडी, कोहळ्याची भाजी, सगळे त्यांच्या हातचे. समोरच्या खोलीत आरती होई, सवाष्ण जेवे, आणि मावशी चुलीपाशी. विधवा झाल्यावर तर त्या उंबऱ्याच्या बाहेरही येईनात. तिथूनच हात जोडीत. सुलोचनाबाईंना वाटे, रीत म्हणून जोडतात.

वर्ध्याला वासुदेवरावांच्या घरी दोन खोल्या मोटारींच्या चित्रांनी भरलेल्या होत्या. सर उत्साही, मायाळू. चहा येण्याआधीच त्यांनी फोटो भिंगाखाली घेतला, आणि मग यंत्रावर चढवून समोरच्या पडद्यावर मोठा केला.

"वा! काय जपलंय हो तुम्ही. हेमराज, इकडे बघा. समोरची काच. मधोमध दांडी आहे का?"

"नाई दिसत."

"नाहीच. एकसंध काच. याआधीच्या हिंदुस्थान मोटारीला दोन काचा असत, मध्ये दांडी. चाकांवरचे मडगार्ड बघा, कसे अंगातच विरघळलेत. ही लँडमास्टर आहे. शंकाच नाही."

"अन् साल, सर?" सुलोचनाबाईंनी विचारले. आवाज इतका हळू, की हेमराजने वळून पाहिले.

"चोपन्न. चोपन्नच्या आधी ही गाडी नाही."

खोलीत पंखा फिरत होता. सुलोचनाबाई थोडे हसल्या. चुकलेल्या मुलाकडे पाहून आई हसते तशा. "नाई सर. बावन्नच्या आधीची असन. माही आई बावन्नात वारली ना. म्हणजे एक्कावन्न म्हणा, नाईतं बावन्नचा उन्हाळा."

"तसं कसं होईल, आजी?"

"विलायतेहून आणली असन शेटनं. पैसेवाला माणूस. आपल्याकडं मागाहून आली असन."

वासुदेवरावांना त्या प्रश्नामागचा जीव कुठला दिसणार! त्यांना वाटले, म्हातारीला खरोखरच गोडी लागली आहे. त्यांनी प्रेमाने समजावले. "विलायतेतही हिचं मूळ रूप चोपन्न सालीच निघालं. कारखान्यातच जन्मली नव्हती, ती आष्टीला कशी येईल? थांबा, तुम्हाला जवळून दाखवतो." त्यांनी पडद्यावरचे चित्र आणखी मोठे केले, बाजूला सरकवले. मोटारीचे नाकाड सरकले, प्रेमदासांचा हात सरकला, आणि त्या बाईचा गळा पडद्याच्या मधोमध आला.

मंगळसूत्राच्या वाट्यांखाली, काळ्या दोऱ्यात, चांदीचा एक चपटा चौकोन होता. त्यावर ठोकून उठवलेली बाईची आकृती. घरातल्या छोट्या फोटोत तो ठिपका होता. पदराची घडी म्हणून कधी कुणी पाहिला नव्हता.

सुलोचनाबाईंनी तो पाहिला, आणि त्यांना मोटारीचे साल पुन्हा विचारावे लागले नाही.

तो सवतीचा टाक होता. पहिली बायको मेली आणि नवऱ्याने दुसरी केली, की मेलेलीची आकृती पत्र्यावर उठवून दुसरीच्या गळ्यात घालतात. नवे लुगडे आधी टाकाला लावायचे, मग नेसायचे. सणाचा घास आधी टाकाला दाखवायचा. मेलेल्या सवतीचा मान राहावा, तिने घरावर रागावू नये, म्हणून ही रीत. पहिली बायको असा टाक घालीलच कसा? कुणाचा घालील? आणि हाच टाक, हाच उजवा कोपरा दुमडलेला टाक, सुलोचनेने लहानपणी रोज पाहिला होता. देवीच्या वणांनी भरलेल्या गळ्यावर. सकाळी न्हाऊन आल्यावर मावशी तो पाण्यात धूत आणि डोळ्यांना लावीत.

"बघा, पटलं ना आता?" वासुदेवराव आनंदाने म्हणाले.

"पटलं," सुलोचनाबाई म्हणाल्या. "ओळख पटली."

परतीच्या वाटेवर हेमराज गाडी चालवत होता. आईचे तोंड पाहून त्याला अर्धे कळले होते, अर्धे कळत नव्हते. म्हणाला, "सोड ना आई. सर काय देव आहेत? चुकलं असन साल."

"साल चुकन रे," त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "टाक नाई चुकत. ते मावशी आहे." आणि मग थोड्या वेळाने, कुणालाच नाही असे, "मावशी एवढी सुंदर होती."

पांडुरंगा, तू माणसाला डोळे देतोस, आणि पाहायला शिकवायला केवढा उशीर करतोस! जिला शोधायला गेली ती सापडली नाही. जिला कधी शोधले नाही ती सापडली, आणि सापडली तेव्हा तिला जाऊन वर्षे लोटली होती.

पण एक काटा आत रुतून बसला. हा खोटेपणा कुणाचा? आबांचा? मावशीला ठाऊक होते का? ठाऊक असेल तर आपल्याच फोटोला हार चढताना त्या बाईने काय म्हणून पाहिले असेल? त्या काळचे माणूस आष्टीत एकच उरले होते. माहेरच्या शेजारची धुरपता काकी. सुलोचनाबाई जन्मल्या तेव्हा धुरपता नुकती नांदायला आलेली. आता ती ओसरीत खाटेवर पडून असे. कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत.

"काकी, त्या मोटारीच्या फोटोत कोण आहे?"

म्हातारीने मान वळवून सुलोचनाबाईंकडे पाहिले. "कोणं सांगतलं तुले?"

"मोटारीनं."

"अव माय! एवढी जुनी मोटार, अजून बोलते?" धुरपता खोकत हसली, आणि हसू तिथेच विरले. "देवकाच आहे ते. लग्न होऊन सा महिने झाले असतीन. शेटची नवी गाडी आली, सारं गाव जमा. प्रेमदासभाऊनं हौसेनं हाक मारली तिले. ते भेली, म्हणे हे घुरघुर करते, अंगावर येईन."

"मग आबानं मले खोटं काऊन सांगतलं?"

"आबानं नाई सांगतलं, बाई. तुले याद नाई. तू शाळंतून रडत आली होती. पोट्ट्याइनं चिडवलं होतं, का तुही माय काणी. घरात येऊन तू हातपाय आपटले. हे माही माय नोहे, माही माय दाखवा! भाऊ बिचारे काय दाखवतीन? शकुंतलेचा फोटो कोणं काढला होता? तं देवका चुलीपासून उठली, अन् भिंतीवरल्या फोटोकडं बोट केलं. म्हणे, ते पाह्य, ते तुही माय. भाऊ तिच्या तोंडाकडं पाह्यतच राह्यले. मीबी तिथंच होती, पीठ मागाले गेलती."

सुलोचनाबाईंनी खाटेची दोरी घट्ट धरली.

"मी मागून तिले लय बोलली," धुरपता सांगत होती. "म्हणलं, देवके, जित्या माणसाच्या फोटोले हार घालू देतं? अपशकून आहे व माय. तं म्हणे, धुरपते, या तोंडाची माय तिले चालत नाई. ते तोंड तरी चालू दे."

अंगणात एक कोंबडी माती उकरत होती.

"पुढं तरी सांगाचं होतं, काकी. मी मोठी झाली, माह्या लेकराचं लग्न झालं..."

"मी म्हणलं होतं तेबी. तिनं शपथ घातली. म्हणे, आता सांगतलं तं पोरीची माय दोनदा मरन."

आणि तसेच झाले. सत्तरी ओलांडून गेलेल्या एका लेकीची आई पुन्हा मेली. एक नव्हे, दोन्ही. पहिलीचा चेहरा गेला; तो कधी नव्हताच. दुसरीचा चेहरा मिळाला, पण आई म्हणायला ती उरली नव्हती.

त्यानंतर लवकरच पितृपक्ष लागला. नवमीच्या सकाळी दिपालीने फुले, कुंकवाची कोयरी, सारे नेहमीसारखे मांडले. सुलोचनाबाईंनी पाटावर तांदूळ पसरले, त्यावर सुपारी ठेवली आणि शकुंतला म्हणून तिलाच हळदकुंकू वाहिले. आईला आता तोंड नव्हते, सुपारीएवढा गोल आकार तेवढा होता. मग त्या फोटोपुढे उभ्या राहिल्या. काचेवर कपाळाच्या जागी गेल्या वर्षीच्या कुंकवाचा डाग तसाच होता.

त्यांचे स्वतःचे कपाळ मोकळे होते. मोकळे कपाळ काय असते ते त्यांना कुणी सांगायला नको होते. प्रेमदास गेले त्या दिवशी गावातल्या बायांनी देवकाबाईचे कुंकू पुसले, बांगड्या फोडल्या. आणि त्याच वर्षी भाद्रपदात, कारंजाच्या घरात, लेकीने त्याच बाईच्या कपाळाला काचेवरून कुंकू लावले. जगाने पुसलेले लेकीने लावले, न कळता लावले, दरवर्षी लावले. आणि ती बाई उंबऱ्याआडून, कढईपाशी उभी राहून, हात जोडून ते पाहत होती. ती कुणाला हात जोडीत असेल? टाकातल्या सवतीला? देवाला? की आपल्याच हरवलेल्या मुखाला? नवमी सवाष्णीची, देवकाबाई विधवा होऊन गेलेली. आज तिला फूल वाहायचा अधिकार नाही, आणि आजवर वाहिलेले सारे तिलाच पोचले. त्यांनी हार परत टोपलीत ठेवला.

"आई, मग मावशीआजीची तिथी कोणती?" दिपालीने विचारले.

तेही ठाऊक नव्हते. देवकाबाई आष्टीच्या घरी एकट्या असताना गेल्या. दार आतून बंद होते, शेजारच्यांनी ते फोडले तेव्हा जीव जाऊन किती वेळ झाला हे कुणाला सांगता आले नाही. सुलोचनाबाई पोचल्या तेव्हा सरण विझले होते. ज्यांची तिथी कुणालाच ठाऊक नाही त्यांच्यासाठी शास्त्राने एक दिवस राखून ठेवला आहे, सर्वपित्री अमावस्या. अनामिकांचा, वाटेत हरवलेल्यांचा, विसरलेल्यांचा दिवस. घरात राहून, चूल राखून, एका पोरीला वाढवून देवकाबाई त्या गर्दीत जाऊन उभ्या होत्या.

अमावस्येला सुलोचनाबाई स्वतः चुलीपुढे बसल्या. सुनेला हात लावू दिला नाही. वडे झाले, कढी झाली. दिपाली पळसाची पत्रावळ पुसत होती. तिने सहज विचारले, "आई, त्याइले काय आवडे? आवडीचं एक ठेवा लागते ना पानात."

झारा कढईतच थांबला.

काय आवडे? गोड की तिखट? कढी ताजी की शिळी? पाटवडी त्या करीत तेव्हा चाखून पाहत का? सुलोचनाबाईंनी सारे बालपण चाळले. ताट वाढणारा हात दिसला. पाणी देणारा हात दिसला. घास तोंडाशी नेणारा हात कुठेच दिसेना. त्यांनी हेमराजला आष्टीला फोन लावायला सांगितला. धुरपताच्या सुनेने फोन म्हातारीच्या कानाशी धरला.

"काकी, मावशीले खायाले काय आवडे?"

धुरपता म्हणाली, "काय सांगू, बाई. तिले जेवताना कोणं पाह्यलं?"

सुलोचनाबाईंनी फोन मुलाच्या हातात दिला. त्या पुन्हा चुलीपुढे बसल्या आणि करू लागल्या. खीर केली. गूळ घालून कोहळे केले, मग दुसऱ्या भांड्यात तिखट घालून केले. ज्वारीची भाकर थापली, तिच्यावर लोणी ठेवले. भाकर मऊ आवडत असेल की कडक, म्हणून दोन ठेवल्या. मिरचीचा ठेचा केला. पत्रावळ भरली, दुसरी जोडली, तीही भरत आली.

अंगणातून हेमराजने हाक दिली. "आई, झालं का व? ऊन वर आलं. पान ठेवा लागन छपरावर."

"थांब रे," त्या वळून न पाहता म्हणाल्या, आणि त्यांनी आणखी एक डबा उघडला. "यातलं एखांदं तरी तिले आवडत असन."